मेणात न बुडवलेला आवाज

दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांतून उतरलेले नसतात आणि तिकडे पौडच्या पुढं भातकापणी सुरू झालेली असते. अशा सकाळी मी स्कूटर चालवताना हेल्मेटची काच वर ठेवतो. शहाणी माणसं असं करत नाहीत, कारण उघड्या काचेतून चिलटं येतात. मी ती डोळ्यांनी, नाकानं आणि एकदा बोलता बोलता तोंडानंही स्वीकारलेली आहेत. पण चिलटांच्या मागोमाग वास येतो. ताज्या कापलेल्या भाताचा हिरवट, दुधाळ, किंचित आंब्याच्या मोहरासारखा वास. पिरंगुटपर्यंत डंपरचा धूर आणि बांधकामाची धूळ. मग एक वळण येतं, आणि वळणापलीकडं तो वास वाट बघत उभा असतो. यंदाही होता. मी स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि त्या हेल्मेटकडं बघून एकटाच हसलो. शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं वेग कमी करून मला नीट बघून घेतलं.

हसण्याचं कारण सांगायचं तर गिटारपासून सुरुवात करावी लागेल.

तरुणपणी माझ्याकडं एक इलेक्ट्रिक गिटार आली. ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक गृहस्थ गिटार सोडून किराणा दुकान काढत होता, त्याच्याकडून मी ती घेतली. गिटार यथातथाच होती. पण तिच्या तारांखाली दोन जुने पिकअप होते. पिकअप म्हणजे काडेपेटीएवढी एक धातूची डबी. आत एक चुंबक आणि केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची रिळं. वरची पोलादी तार थरथरली, की ही डबी ती थरथर विजेत उतरवते आणि अँपकडं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडं, पाठवते. एका रिळाच्या पिकअपला विजेची गुणगुण लागते. म्हणून कुणीतरी डोकेबाज माणसानं दोन रिळं उलटसुलट जोडून शेजारी शेजारी बसवली. गुणगुण एकमेकांत जिरून गेली आणि सूर तेवढा उरला. हा हंबकर. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे सगळं मी शैलाला कौतुकानं समजावलं आणि शेवटी म्हणालो, "म्हणजे बघ, दोघं उलट्या दिशेचे असले तरी एकत्र ठेवले की घरातली भुणभुण बंद होते."

"भुणभुण करणारा तूच," शैला म्हणाली. "मी तर अजून एक शब्द बोलले नाही."

शैला, माझी बायको, पौडच्या पलीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. चारचौघांत मला 'अहो' म्हणते, घरात 'तू', आणि चिडली की थेट माहेरच्या बोलीत जाते. तिला संगीतातलं काही कळत नाही असं ती स्वतः सांगते, आणि ते खोटं आहे. तिला आवाज भातासारखा कळतो. माझ्या एका मित्राची झगझगीत नवी गिटार ऐकून ती म्हणाली होती, "नवा तांदूळ आहे. दिसतो छान, गिचका होतो." माझ्या ऑर्केस्ट्रावाल्या गिटारला मात्र तिचा निकाल होता, "हा मुरलेला. शीत न् शीत वेगळं." त्या काळी मी बाजारातली सगळी मासिकं वाचून जे समजू शकलो नव्हतो, ते तिनं दोन वाक्यांत आटपलं होतं.

त्या जुन्या पिकअपना एक खोड होती. ते सगळंच ऐकायचे. शैला जवळ बसली, की तिच्या बांगड्यांची किणकिण अँपमधून यायची. मी चुकल्यावर पुटपुटलेली शिवी यायची. आवाज वाढवला तर शिट्टी वाजायची. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात नोकरी करतो; दोष दिसला की माझ्या हाताला कंड सुटते. कुठंतरी वाचलं, की पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला की आतली रिळं घट्ट बसतात आणि त्याचं हे नको ते ऐकणं थांबतं. झालं. एका रविवारी शैला शाळेच्या कामाला गेलेली असताना मी देवघरातल्या मेणबत्त्या, गॅसची मोठी शेगडी आणि तिचं दुधाचं पातेलं एकत्र आणलं. मेण किती तापवायचं हे त्या लेखाच्या पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही. प्लॅस्टिकची रिळं उकळत्या मेणात इतक्या शांतपणे विरघळली, की मला वाटलं, काम फत्ते झालं.

पिकअप गेले. पातेलं राहिलं. पुढं कितीतरी दिवस आमच्या चहाला वाढदिवसाच्या केकचा वास होता.

मग बदली म्हणून मिळेल ते स्वस्त पिकअप बसवले, नोकरी वाढली, मुलगी झाली, गिटार कपाटावर चढली. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा ती पुन्हा खाली आली. रिकाम्या घरात काही लोक देवाकडं वळतात, काही ट्रेकिंगकडं. मी पिकअपकडं वळलो. आणि तोपर्यंत जगात एक अद्भुत गोष्ट घडलेली होती: जुन्या पिकअपच्या हुबेहूब नकला निघाल्या होत्या. तीच तार, तसंच दुबळं चुंबक, इतकंच काय, जुन्या काळी रिळं गुंडाळताना वेढ्यांचा हिशेब नीट राहायचा नाही म्हणून दोन रिळं कमीजास्त व्हायची, तर तो कमीजास्तपणाही मुद्दाम केलेला. चूकसुद्धा जपून, मापून पुन्हा केलेली! या माणसांबद्दल मला खरोखर आदर वाटतो. मी आयुष्यात इतक्या चुका केल्या, पण एकही दुसऱ्यांदा तशीच्या तशी जमली नाही. दर वेळी नवीच व्हायची.

असा एक नकलाकार आमच्या जवळच, सूसला निघाला. रोहन. एका उंच सोसायटीच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, स्वतः बनवलेल्या यंत्रावर तो पिकअप गुंडाळतो. वय मुलीएवढं, विनय शून्य. "काका, इंडियामध्ये माझ्याएवढं ऑथेंटिक कोणीच करत नाही," त्यानं दारातच सांगितलं, आणि पुढं चहा येईपर्यंत तो आवाजाबद्दल खाण्याच्या भाषेत बोलत राहिला. हा क्रीमी, तो क्रिस्पी, या तिसऱ्याला थोडा रोस्टेड टोन. मला भूक लागली. शेवटी त्यानं तीन जोड्या माझ्यापुढं ठेवल्या. पहिलीचं चुंबक जोरकस, आवाज लख्ख. दुसरी मधली. तिसरी दुबळ्या चुंबकाची, असमान रिळांची, आणि मेणात न बुडवलेली.

"तिसरी शिट्टी मारते, काका. जुने असेच होते, म्हणून तसंच ठेवलंय. पण हवं तर वॅक्स करून देतो."

"मेणाचं नाव काढू नकोस," मी इतक्या जोरात म्हणालो, की त्याची आई आतून बघायला आली.

तिन्ही जोड्या घरी नेऊन वाजवून बघायच्या, आवडेल ती ठेवायची, असं ठरलं. पण आमच्या भूगावच्या फ्लॅटमध्ये आवाज थोडा मोठा केला, की खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा बसतो. शिवाय निवाडा शैलाच करणार होती. माझ्या कानांवर माझाच विश्वास नाही. आणि शैला होती माहेरी, कापणीला. दिवाळीच्या सुट्टीत ती दर वर्षी जाते. निम्मी खाचरं आता बंगल्यांच्या प्लॉटखाली गेली आहेत. उरलेल्यात तिचा थोरला भाऊ किसनदादा अजून घरापुरता आंबेमोहर लावतो, आणि तो विळ्यानंच कापायचा असा बहीण-भावाचा हट्ट आहे. मी गिटार, अँप, सोल्डरची बंदूक आणि तीन जोड्या घेऊन तिथं पोचलो.

त्या अंगणाचं मला फार कौतुक आहे. शेणानं सारवलेलं खळं, कडेला रचत आणलेली पेंढ्याची उडवी, मध्ये भाताच्या राशीवर उन्हाचा चौकोन. झोडणी चालू असली, की हवेत सोनेरी कुसळ तरंगतं. ते कॉलरमध्ये शिरतं आणि माणसाला नाचवतं. त्या पवित्र जागी मी पंचवीस फुटी वायर अंथरली. अँप शैलाच्या शेजारी ठेवला, ती सुपात भात पाखडत होती. मी स्वतः ओटीच्या पायरीवर बसलो आणि पिकअपची आरती ओवाळल्यासारखी किसनदादाला ओळख करून दिली. जुन्या दिसाव्यात म्हणून पहिल्या जोडीच्या डब्या मुद्दाम घासून, डागाळून दिलेल्या होत्या. किसनदादानं एक डबी हातात घेतली.

"दाजी, नव्या वस्तू झिजवून इकत्यात?"

"हो. तसल्यांना मागणी आहे."

"मंग आमचा नांगर न्या की. पिढीजात झिजलाय."

पहिली जोडी बसवली, वाजवली. शैलानं मान हलवली: "नवा तांदूळ." दुसरी बसवायला तासभर गेला, कारण मी दोन वायरी उलट्या जोडल्या आणि सोल्डरनं स्वतःचा अंगठाही जोडायचा प्रयत्न केला. तोवर शेजारच्या खाचरात ट्रॅक्टरवरचं मळणीयंत्र सुरू झालं आणि सगळा शिवार गरजायला लागला. मी डोळे मिटले. मला एक सवय आहे: रंगात आलो, की हनुवटी गिटारच्या खांद्यावर टेकवतो. मग आवाज हाडातून थेट डोक्यात येतो. त्या दिवशी तो असा काही आला, की मला वाटलं, ऑर्केस्ट्रावाला गृहस्थ किराणा दुकान बंद करून परत आला. मी वाजवतच राहिलो. मींड घेतली, सूर ताणला, वर चढलो, खाली आलो. शेवटी डोळे उघडून, घाम पुसत शैलाला ओरडून विचारलं, "कसा वाटला?"

"मघापेक्षा गोड," ती म्हणाली. "हाच घ्या, अहो."

मळणीयंत्र नेमकं तेव्हाच थांबलं. शांततेत किसनदादा म्हणाला, "दाजी, लाईट कवाची गेलीया."

अँपवरचा लाल दिवा विझलेला होता. मी बंद अँपवर, माझ्या हनुवटीपुरती मैफल केली होती. मी हसायला लागलो, किसनदादा तर उडवीला टेकून खाली बसला. स्वतःची फजिती ही माझी जुनी शेती. पीक बरं आलं म्हणून मी खूश होतो. मग माझ्या लक्षात आलं, की शैला हसत नाहीये. ती सुपाकडं बघत होती. सूप हलत नव्हतं.

किसनदादाही हसायचा थांबला. "शैले," तो हळूच म्हणाला. तिनं वर बघितलं नाही. मग तो जरा मोठ्यानं म्हणाला, "शैले, तुला ऐकू येत न्हाई व्हय?"

संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर बसलो. कापलेल्या खाचरात धसकटांमधून बगळे चालत होते. तिनं सांगितलं, ते असं, की बरेच दिवस झाले. आधी शाळेची घंटा लांब गेल्यासारखी वाटली. मग पाखरं कमी झाली असं तिला वाटलं. तिनं वर्गात पर्यावरणाचा धडाही त्यावर घेतला. मग शेवटच्या ओळीतली मुलं नुसती तोंडं हलवायला लागली. कविता म्हणून घ्यायची तर ती एकेकाला टेबलाजवळ बोलवायची आणि ओठ बघायची. "एक मुलगी आहे, फार हळू बोलते. तिला वाटतं, बाई तिचंच उत्तर दोनदा विचारतात, म्हणजे ते चुकलंच असणार. आता ती बोलतच नाही. मला शिकवणं सोडावं लागेल रे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू वाजवणं सोडलं असतंस. नाहीतर जास्त वाजवलं असतंस. दोन्ही वाईट."

"मग इतके दिवस माझ्या आवाजाची परीक्षा कशी करत होतीस?"

"तुझ्या भुवयांवरून," शैला म्हणाली. "खरंच चांगलं लागलं, की डावी भुवई वर जाते. महाग आहे म्हणून चांगलं वाटून घेत असलास, की खालचा ओठ चावतोस. आज डावी भुवई पार केसांत गेली होती. म्हणून म्हटलं, गोड."

कारखान्यात मी माल तपासतो. इंचाच्या बारीकशा भागाची चूक पकडतो. आणि माझ्या घरात एक बाई माझ्या चेहऱ्याचा सूर लावून बघत होती, आणि तिचा अंदाज माझ्या कानांपेक्षा अचूक होता. वीज असो, नसो.

कोथरूडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वरचे, बारीक आवाज गेलेत, म्हणाले. खालचे आणि मधले अजून चांगले आहेत. श्रवणयंत्र दिलं. शाळेसाठी ते कामाचं निघालं. शैलानं वर्गातले बाक हलवून मुलांना गोलात बसवलं आणि स्वतः मध्ये सतरंजीवर बसली. यंत्राची गोष्ट तिनं मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकली: बाईंच्या कानात आता बॅटरी आहे, जरा मोठ्यानं बोला. हळू बोलणारी मुलगी दुसऱ्या दिवशी तिच्या कानाशी येऊन यंत्रातच ओरडली. शैला डोळ्यांत पाणी येईतो हसली, आणि थोडंसं पाणी हसण्याचं नव्हतं.

पण गिटारपुढं यंत्र नापास. "यातून तुझी गिटार म्हणजे मांडणीवरची भांडी पडल्यासारखी वाटते," ती म्हणाली. "मला माझ्या कानांनी ऐकायचीय." तेव्हा माझा पिकअपचा शोध पहिल्यांदा शुद्धीवर आला. मला हवा तो जुना आवाज आता राहू दे. तिच्या कानांना पोचेल तो आवाज हवा होता.

पुढच्या रविवारी तेच अंगण. झोडणी उरकत आली होती. शैलानं यंत्र काढून ओटीवर ठेवलं आणि अट घातली: "तोंड झाक. तुझी भुवई दिसली की मी फितूर होते." तोंड कशानं झाकणार? किसनदादा घरात घोंगडी शोधायला गेला. तोवर मी स्कूटरवरचं हेल्मेट आणलं, डोक्यात घातलं आणि काच खाली केली.

भाताच्या राशीशेजारी हेल्मेट घालून इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा जावई त्या गावानं आधी बघितला नव्हता. कुंपणापलीकडं दोन म्हाताऱ्या थांबल्या. त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही, कारण हेल्मेटमध्ये मला काहीच धड ऐकू येत नव्हतं. माझाच सूर लांबच्या खोलीतून, गादीखालून आल्यासारखा येत होता. बारीक काही उरलंच नव्हतं. नुसता एक उबदार, धूसर गरगराट. आणि काचेपलीकडं सगळी माणसं तोंडं हलवत होती. किसनदादा हसताना दिसत होता, हसणं येत नव्हतं. मी वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, असं असतं होय. ही रोज अशी वर्गात उभी राहायची. अशी माझ्यासमोर बसायची आणि 'गोड' म्हणायची.

पहिल्या जोडीला तिनं हात हलवला: नाही. मी काच वर केल्यावर म्हणाली, वर चढलास की तू नाहीसा होतोस. दुसऱ्या जोडीला हात अर्धा उचलला आणि खाली ठेवला. आज तिसरी बसवताना मी एकही वायर उलटी जोडली नाही, हे माझ्या चरित्रात नोंदवण्यासारखं आहे. दुबळं चुंबक, असमान रिळं, मेण नाही. मी सावकाश, खालच्या तारांपासून सुरुवात केली. काचेतून मी फक्त तिच्याकडं बघत होतो. आज भुवया तिच्या होत्या. मी वर चढत गेलो, मधल्या तारा, बारीक तारा, आणि तिची मान माझ्याबरोबर वर येत राहिली. मी थांबलो तर तिनं हातानं खूण केली: पुढं.

मी हेल्मेट काढलं. अँपनं लगेच ती जुनी, लांबलचक शिट्टी मारली.

"ह्ये काय बिघडलं?" किसनदादा म्हणाला.

शैला उठून माझ्याजवळ आली. शिट्टी तिला ऐकू आली नव्हती, पण माझा चेहरा दिसला होता. ती गिटारवर वाकली, तारांखालच्या डबीकडं निरखून बघत म्हणाली, "कुठं बिघडलंय?"

आणि तिचा आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या अँपमधून आला. जरा चेपलेला, टिनाच्या कडांचा, पण तिचाच. ती दचकून मागं वळली. राशीकडं बघितलं, उडवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मी?"

"तू," मी म्हणालो. "हा ऐकतो. पहिलाही ऐकायचा. तुझ्या बांगड्यासुद्धा. मी तो दोष समजून उकळला."

शैला पुन्हा वाकली. एका हातानं मोकळे केस मागं धरले, डबीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि माहेरच्या बोलीत, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, चुलीवरचा भात बघ, करपाया लागलाय!"

भात खरंच करपत होता. कानांनी नसलं, तरी नाकानं तिला सगळं कळतं.

रोहनला मी तिसरी जोडी ठेवत असल्याचं सांगितलं, तेव्हा तो खूश झाला. "मिड्स, मधले आवाज, आवडले ना, काका?"

"ऐकतो चांगलं," मी म्हणालो. हा कुठला टोन, हे त्याला कळलं नाही.

आता पुन्हा तेच दिवस. पौडच्या पुढं कापणी लागली आहे, शैला परवा माहेरी जाईल, मीही मागोमाग जाईन, विळ्यानं एक बोट तरी कापून घेईन. शाळेतून आली, की ती यंत्र काढून डबीत ठेवते. दिवसभराच्या कलकलाटानंतर तिला तिचे स्वतःचे कान हवे असतात. अँप मी स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी हलवलाय. बाहेरच्या खोलीत मी वाजवत बसतो. ती आत भाजी चिरते, आणि आवडती जागा आली की सुरीचा ठेका थांबतो. खालच्या मजल्यावरचा झाडू अधूनमधून साथ करतो.

काल संध्याकाळी वाजवता वाजवता थांबलो, गिटारवर वाकलो आणि पिकअपच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "शैला, जरा चहा टाकतेस का?"

सुरी थांबली. आतून ताबडतोब उत्तर आलं.

"ऐकू नाही आलं!"

मी उठलो आणि चहा टाकायला गेलो.